माया

घणसोली गावात, तलावामागच्या गल्लीत माझं दुकान.
एक मशीन, एक आरसा, एक पडदा.
पडद्याआड बायका पदर काढून उभ्या राहतात
आणि छताकडे बघतात.
छाती छत्तीस, मुंढा सोळा, गळा मागून खोल.
टेप फिरतो तोवर नणंदेचं बोलून घेतात,
पाण्याच्या प्रेशरचं.
वहीत सगळ्यांची मापं आहेत,
घरच्यांना ठाऊक नसलेली.

वत्सला मढवी गौरीआधी आली.
म्हणाली, डावी कटोरी जरा सैल ठेव.
ठेवली. विचारलं नाही.

दिवाळीला पुन्हा तोच ब्लाउज.
शिवण उसवली, आत माया होती,
अर्धा इंच दिला.
"दुखत नाय मना," ती आपणहून म्हणाली,
"मंग कशाला जाव?"
मी सुईत दोरा ओवत राहिले.
दुखत नाही म्हणजे काही नाही,
हे मलाही हवंच होतं.

पालिकेच्या शाळेत मंगळवारी गाडी येते तपासणीची.
आशाताई चिठ्ठ्या वाटते. फुकट आहे, बाई डॉक्टर आहे.
सगळ्या हो म्हणतात.
मग कुणाचा मंगळवारचा उपास,
कुणाची सोयरीक ठरत आलेली,
"आत्ता काही निघालं तर पोरीचं मोडेल."
एकीने हळूच मलाच विचारलं,
तिथे टेप लावतात की हात?
मला काय माहीत.
माझ्या तीन वर्षांच्या तीन चिठ्ठ्या
हुकांच्या डब्यात.

पोरीच्या हळदीला वत्सला आली, तोच ब्लाउज घेऊन.
नवा शिवू? नको, साडी यावरच जाते.
उलटा केला. शिवणीवर शिवण,
पुढे नुसती कड.
"माया संपली, ताई."
ब्लाउजचंच बोलत होते मी.

ती स्टुलावर बसली.
पंख्याने पडदा हलत होता.
बऱ्याच वेळाने तिने माझा हात धरला
आणि डावीकडे नेला.

बारा वर्षं माप घेतेय हिचं.
हात असा कधी लावला नव्हता.
चिंचोका.
नाही, चिंचोक्याहून मोठा.

मंगळवारी शटर ओढलं, खडूने लिहिलं,
'कामानिमित्त बंद'.
कसलं काम, ते लिहायला जागा होती.
वत्सला पुढे, मी मागे,
दोघींच्या हातात रिकाम्या पिशव्या,
वाटेत कुणी विचारलंच
तर भाजीला चाललोय.