अर्धी गोण

बंद पाकिटात चिठ्ठी होती.
टिपणीस साहेबांना निघाली वरची सुई, जांघेजवळ.
मला मांडीच्या मधोमध.
डॉक्टर आफरीन म्हणाल्या, दोन्ही चांगल्या,
जास्त चांगली कुठली, तेच तर बघतोय.

साहेबांना दुखणं म्हणून नाही. सिडकोतनं रिटायर,
शांतपणे पेपर वाचत होते.
उठवलं तर पाय म्हणजे
कुणीतरी पलंगावर विसरून गेलेली उशी.
"हा माझाच ना?" दोनदा विचारलं त्यांनी.

माझा दुखतो. पण ऐकतो.
वॉकर धरून दारापर्यंत, सात पावलं.

दहापैकी किती, विचारतात.
बत्तीस वर्षं तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात
पाठीनं मोजलं,
दहात कसं सांगू?
म्हटलं, अर्धी गोण.
सिस्टरनं चार लिहिलं.

आता रात्रीचे तीन. नेरुळ झोपलंय, औषध उतरतंय.
पडद्यापलीकडे साहेबांचं पहिलं कण्हणं.
"ढेबे, जागे आहात?"
"आहे."
माझीही गोण भरत चाललीय.

लांब हायवेवर एक ट्रक गेला,
मागचं फळकं खडखडवत.
"रिकामा आहे," मी म्हणालो.