सत्तर, वर जरासं

मानवतला मोंढ्याच्या मागं माझं दुकान,
मोटार वाइंडिंग, पंखे, मिक्सर, इस्त्री.
द्रुपदाबाईनं इस्त्री काउंटरवर अशी आदळली
की तांब्याच्या तारेचं रीळ गडगडत खाली गेलं.
"नवी म्हणून जुनीच कॉइल घातलीस, जावेद.
सुरकुती मरंना गेली.
शाळेचे चाळीस शर्ट तसेच पडलेत माझे."

मी काही बोललो नाही.
बोलायच्या आधी मोजावं, असं ढवळे सर सांगायचे
आयटीआयत, खडूच्या बाहीनं कपाळ पुसत.
मीटर लावला.
संध्याकाळचे सात, पिठाच्या गिरण्या जोरात,
काटा एकशे सत्तरवर, दमल्यासारखा.
चिमट्यात वायर धरली:
दोन पूर्णांक चार अँपिअर.

पुठ्ठ्यावर त्रिकोण काढला.
वर दाब,
खाली शेजारी शेजारी करंट आणि रोध.
"जे पाहिजे ते अंगठ्यानं झाका, मावशी.
उरलेलं सांगतं काय करायचं ते."
तिनं अंगठा ठेवला.
बँकेत शाईत बुडतो तोच,
पेरावर भाजल्याचा जुना डाग, चिंचोक्याएवढा.
रोध झाकला गेला.
वर दाब, खाली करंट, म्हणजे भागायचं.
सत्तर, वर जरासं.
"ही तुमची कॉइल. जशी बसवली तशीच आहे."

"आता हेच दोन आकडे गुणा. ती शक्ती."
तिनं डोळे मिटले.
एकशे सत्तर दुणे तीनशे चाळीस,
वरच्या चारचे अडुसष्ट.
रोज गठ्ठे मोजणारीला कागद लागला नाही.
"चारशे आठ."
पाटीवर कोरलेलं होतं सातशे पन्नास.
"मग बाकीचे कुठं गेले?"
गेले नाहीत, मावशी.
आलेच नाहीत.

ती बराच वेळ इस्त्रीकडं बघत राहिली.
"म्हणजे तू खोटा नाहीस."
नाही.
"ही पण नाही."
नाही.
मी दाराबाहेर तारेकडं बोट केलं.
डीपीपासून निघालेली तार,
गिरण्यांना, रसवंतीला, कूलरवाल्यांना देत देत
नाल्यापलीकडं जाते,
आणि शेवटच्या खांबाला तिचा पत्र्याचा गाळा.

पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा फाडून
पैसे न देता ती निघून गेली.
रीळ मी उचललं.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो
तर नाल्यापलीकडं एकच पत्रा उजळलेला.
मीटर घेऊन का गेलो, सांगता येणार नाही.
त्रिकोण भिंतीला खळीनं चिकटवला होता,
शर्टांची चळत छातीपर्यंत आलेली.
दोनशे पस्तीस.
तीन पूर्णांक तीन.
मी भागायच्या आतच ती म्हणाली,
"सत्तर, वर जरासं. तेच निघंल."
तेच निघालं.
पण गुणलं तेव्हा सातशे पंच्याहत्तर,
पाटीपेक्षाही पंचवीस जास्त.
ओल्या कापडावर इस्त्री चर्र करून उतरली
आणि सुरकुती जागेवर मेली.

"मावशी, झोपता कधी?"
"गिरण्या सुरू झाल्यावर.
दाब उतरला की."
मग माझ्या कॉलरकडं बघून म्हणाली,
"काढ तो सदरा."
बनियनवर उभा राहिलो, मीटर हातात धरून.
दोन मिनिटांत सदरा परत अंगात,
गरम.