तीन नंबरचा खण

मंदाकिनी कारखानीस,
रावपुऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त.
दांडिया बाजारातल्या निम्म्या दुकानांचे
जुने चार आकडी नंबर त्यांच्या जिभेवर,
आमच्या दुकानाचासुद्धा, वडिलांच्या वेळचा,
जो मलाही ठाऊक नव्हता.

सतरा वर्षं मी त्यांना
तीन नंबरच्या खणातनं काढून दिल्या:
झोपेची पांढरी, खाजेची पिवळी,
नंतर लघवीसाठीची ती बारकी निळी,
जिचं नाव त्या काउंटरवर कधी घेत नसत.
"ती, प्रवासातली," म्हणत.
मी कागदात गुंडाळून द्यायचो.
गुन्हा नव्हता. चिठ्ठी होती, चिठ्ठीवर सही होती.
पहिल्या वर्षी तरी होती.

परवा भाचीचा फोन. सयाजीत शिकते.
मामा, असली काही औषधं
मेंदूतल्या एका निरोप्याला अडवतात.
उतारवयात, वर्षानुवर्षं घेतली
तर विसरण्याच्या आजाराशी संबंध दिसतो.
दिसतो म्हणाले, सिद्ध नाही.
कदाचित आजारच आधी आला असेल,
झोप त्यानंच उडवली असेल
आणि गोळी मागून.
कदाचित, ती पुन्हा म्हणाली.
आणि मामा, कुणाला एकदम बंद करायला सांगू नकोस हं.

रात्री शटर अर्धं ओढून बिलबुकं काढली.
कार्बनच्या फिकट अक्षरांत
मंदाबेन, एक स्ट्रिप. मंदाबेन, दोन.
दिवाळीत चार, कारण सुरतेला लेकीकडे जायचं होतं.
बेरीज सुरू केली होती.
तिसऱ्या पानावर पेन ठेवलं.

आज त्या आल्या सुनेचा हात धरून.
माझ्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ, ड्यूटीवरच्या आवाजात:
"नंबर प्लीज."
मी आताचा सांगितला, दहा आकडी.
"असा नंबर नाही."
मग वडिलांच्या वेळचा सांगायला गेलो,
त्यांच्याकडूनच ऐकलेला,
तर दोन आकड्यांपुढे आठवेना.

सून म्हणाली, नेहमीच्या द्या ना.
खण उघडा. माझा हात आत.
"वहिनी, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा,
खाजेचीपण,
आणि एकदा डॉक्टरांच्या टेबलावर ओता."
"का, काही प्रॉब्लेम?"
मागे कुणीतरी सुटे पैसे वाजवतंय.
"पाच दिवसांच्या देतो सध्या," मी म्हणतो,
आणि कात्रीनं स्ट्रिप कापतो,
तारखेचा तुकडा
कुणाकडे राहील ते बघत.