घोटाई

बसमधून उतरले तेव्हा अन्यातूयात बेचाळीस डिग्री,
आणि खिशात चार मिलिमीटर जाडीची एक पट्टी.
चाक घ्यायला हात हलवत येऊ नये,
चामडं सोबत असावं.
पायाशिवाय जोडा निवडतं का कुणी?

क्रिसोलोगोच्या पत्र्याच्या शेडमध्ये
तारेवर ओवलेली चाकं,
कुठलं अल्गारोबोचं, कुठलं लापाचोचं,
हाताच्या पंजाएवढी,
प्रत्येकाच्या घेराला खोबणी: एक अरुंद, एक रुंद,
एक कुठल्या मापाची, त्यालाच ठाऊक.

मी एकेका खोबणीतून करंगळीचं नख फिरवते.
नख अडलं की चाक बाद.
मग पट्टी बसवून पाहते.
सैल खोबण कडेचा फक्त माथा घासते,
खांदे राहतात तसेच बोचरे;
घट्ट खोबण चामड्याला चिमटाच काढते,
आणि कड अशी दुमडते
की जणू तिला कुणी टाकून बोललंय.

"मोटर लाव," मी म्हणते.
तो आठ्या घालतो, पण लावतो.
फिरतं चाक नुसतं डोळ्यांनी पाहायचं नसतं,
खडूचं टोक धरायचं जवळ.
रेघ पुरी गोल उमटली तर चाक सरळ.
अर्धीच उमटली तर लंगडतंय,
आणि लंगडणारं चाक
शंभराव्या पट्ट्यापर्यंत
तुमच्या मनगटात राहायला येतं.

पालो सांतोचं एक आहे. हिरवट, तेलकट,
वासानं सगळी शेड त्याच्या ताब्यात.
"घोटायला याच्यासारखं दुसरं नाही, नेलिदा,
मेणसुद्धा लागत नाही फारसं."
किंमत ऐकून मी ते परत तारेवर अडकवते.
हाताला लागलेला वास मात्र
परत करता येत नाही.

मग तो खोक्याच्या तळातून काढतो
एक तांबडं, जड.
"केब्राचो. उत्तरेची जुनी लाईन उखडली,
तिच्या स्लीपरचं."
केब्राचो, म्हणजे कुऱ्हाडमोड्या.
किती वर्षं गाड्या गेल्या असतील अंगावरून,
आता पट्ट्यांच्या कडा घोटणार.

मला हसू येतं, पण ते त्यामुळे नाही.
याच झाडाच्या भुशाच्या काढ्यात
माझं कातडं दीड महिना बुडून होतं.
त्यानंच ते कमावलं,
आणि आता तेच पुन्हा हजर,
शाळेतल्या बाईंनी घरी येऊन
पोराचं नाक पुसावं तसं.

पण खोबणीच्या बुडाशी काळा डाग.
"खिळ्याचा," तो म्हणतो, "नुसता डाग आहे."
नुसता?
मी पट्टीच्या कडेला थुंकी लावते, डागावर दाबून धरते.
मिनिटभर. पंख्याची कुरकूर.
कडेवर काळी चंद्रकोर.
लोखंडाचं आणि या कातड्याचं पटत नाही,
ओल लागली की काळं करून सोडतं.
माझी बहीण तिच्या दुसऱ्या लग्नाबद्दल
हेच सांगते.

"फेकून देतो," म्हणत क्रिसोलोगो हात पुढे करतो.
मी देत नाही.
जत्रेच्या दिवशी गाउचो मंडळींना
काळेच पट्टे लागतात,
काळ्याला काळ्याचं काय?
मी निम्मी किंमत सांगते, तो पाऊण.
मग माते येतो, एकाच नळीतून आळीपाळीनं,
आणि चौथ्या घोटाला
आकडा आपोआप मध्ये येऊन बसतो.

परतीच्या बसमध्ये चाक मांडीवर.
त्याच्या भोकातून बाहेर पाहिलं तर
रूळ नसलेला भराव
आमच्या बरोबरीनं पळत होता,
वर एक बकरी उभी,
तिकीट काढून बसल्यासारखी निवांत.

खोबण केसभर सैल आहे.
ते मला तिथेच कळलं होतं.