रकाना: नाव

सारेमा बेटावर दगडांपेक्षा जुनिपर जास्त.
मेंढ्यांच्या कुरणात जुनिपर, कबरींच्या कुंपणाशी जुनिपर,
मासळीला धुरी त्याचीच,
लोणी लावायची सुरीही त्याचीच, दहा वर्षं वास जात नाही.
त्या झुडपाला आमच्या भाषेत म्हणतात कडाकस.
आणि आडनावही असतं: कडाकस.

मला हे ठाऊक होतं, अर्थात.
पण संग्रहालयाच्या शोधखिडकीमागचं यंत्र
शहाणं नाही, नुसतं आज्ञाधारक आहे.

लेइडाबाई मंगळवारी आल्या, मुहूहून, बसने.
ओला कोट खुर्चीच्या पाठीवर. "वडील शोधायचेत," म्हणाल्या,
जणू ते आत्ताच इथून उठून गेलेत कुठे.
चष्मा पुसून एकेक अक्षर दाबलं.
सहा हजार दोनशे अकरा निकाल.
सरबताच्या कृती. वणव्याचे अहवाल.
कुण्या शाळकरी मुलाचा निबंध, आमचं कुरण.
तिसऱ्या पानापर्यंत त्या शिस्तीत वाचत गेल्या,
मग माझ्याकडे वळून:
"एवढ्या झुडपांत माणूस कसा सापडायचा?"

म्हणून मी विनंतीला एक ओळ जोडली.
सगळं चाळू नकोस, म्हटलं,
वर्णनात शिरू नकोस, टिपा उघडू नकोस,
दोनच रकाने बघ: नाव, निर्माता.
मधला स्वल्पविराम राहिला होता, तो घातला.
सर्व्हरला धापसुद्धा लागली नाही.

चार.
दोन खलाशी, एक शिक्षिका,
आणि बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी गेलेलं एक बाळ.
मला माझ्या चाळणीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.
लेइडाबाईंनी चारही वाचले.
"मिहकेल नाही."
नसतील हो, मी म्हटलं,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या उठल्या. कोटाची बाही सापडेना.
बाही शोधता शोधता, नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या
की वडील पेले करायचे, बिअरचे, झाकणाचे.
नाव घालत नसत. लिहिता यायचं,
पण लाकडाला अक्षर बोचतं म्हणायचे.
तळाला एक डहाळी कोरायचे, एवढीशी.

डहाळी.

मी ती ओळ पुसली. पुन्हा सहा हजार दोनशे अकरा.
सव्वा तास, दोघी एकाच पडद्यासमोर,
तिचा श्वास माझ्या कानाशी, त्याला बडीशेपेच्या पावाचा वास.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी:
पेला, झाकणासह. कान तुटलेला.
निर्माता: अज्ञात.
वर्णन: तळाशी कडाकसची लहान डहाळी,
बहुधा शोभेसाठी.

बहुधा शोभेसाठी.
हे वाक्य माझंच. नोकरीचा पहिला महिना,
दिवसाला चाळीस नोंदी, बोटं गारठलेली.
माणसाने धडधडीत सही केली होती
आणि मी तिची वनस्पती करून टाकली.
आडात होतं. दोरीच मी आखूड केली होती.

लेइडाबाई रडल्या वगैरे नाहीत.
तुटक्या कानावर बोट ठेवून म्हणाल्या,
"हा मी तोडला. पाच वर्षांची होते.
मार नाही पडला."

मी अज्ञात खोडलं, लिहिलं: मिहकेल कडाकस.
शोभेसाठी खोडलं. तिथे काय लिहावं ते सुचेना,
सहीसाठी आमच्याकडे रकाना नाही.
सूची रात्री दोनला ताजी होते, त्यांची बस पावणेसहाची.
फोन करा म्हणाल्या, पण उशिरा नको,
शेजारीण घाबरते.

रात्री दोनला मी जागीच. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ.
दोन रकान्यांची मर्यादा परत घातली, ती हवीच,
उद्या आणखी कुणी येईल आपलं माणूस विचारत,
त्याला सरबत कशाला दाखवायचं?
शोध.
दोन खलाशी, एक शिक्षिका, एक बाळ.
पान ताजं केलं.
पुन्हा केलं.

पाच.