ठिपके

मोरिओकात, रॉकेलच्या हीटरशेजारी
अकरा वर्षं मी चियोरीच्या गालांवर
लाजेचे ठिपके चिकटवते आहे.
चेहरा कुसुमोतोबाईंचा, लाजवणं माझ्याकडे.

पहिल्या भागात तिचे डोळे अर्धा चेहरा खायचे
आणि त्यांना दिसायचा फक्त रेन्जी,
तोही पाठमोरा, दोन पावलं पुढे.
ही मागून, डबा सांभाळत.

काल रात्री, नवव्या भागात,
बाईंनी त्याला जमिनीवर बसवलं.
शर्टाचं बटण तुटलंय, सुई त्याच्याच हातात,
दोरा ओवता ओवेना.
चियोरी खिडकीशी. आओमोरीच्या बसचं वेळापत्रक वाचतेय.
उठत नाही.
मी उठले असते.

संपादकांचा फोन आला:
मुलींना हे रुचायचं नाही हो,
निदान तिला जरा हसू तरी द्या.
बाई नुसत्या "हं" म्हणाल्या,
नखातली शाई कोरत राहिल्या.

सवयीनं मी ठिपक्यांचा कागद कापला,
तिच्या गालावर धरून पाहिला.
डोळे हल्ली बाई लहान काढतात,
गालाला जागा खूप झालीय. कोरी.
हात तिथंच थांबला.
हीटर विझत आला होता.

तुकडा वाया कशाला घालवायचा म्हणून
रेन्जीच्या कानाच्या पाळीवर लावला.
बसला की.