हिंग

उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये.
इंदिरानगरच्या ट्रॅकवर पडले, तेही चालताना नव्हे,
बाकावरून उठताना. पगारेबाई अजून हसतात.
संध्याकाळी येऊन माझी वेणी घालतात,
इतकी घट्ट की भुवया वर जातात.

सून म्हणते, तुम्ही सांगा, मी लिहिते.
पण यादी माझी मीच करते, डाव्या हाताने,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर:
चहापत्ती. हिंग. अर्धा किलो काळी द्राक्षं,
बियांची. बिनबियांची म्हणजे नुसतं गोड पाणी.

काल मिहिका पिशवी घेऊन दारातच थांबली.
"आजी, हा ह आहे की कोंबडी?"

चष्मा लावून पाहिलं.
माझा नव्हताच तो.
पोट सुटलेला, शेपूट ओळीखाली लोंबणारं,
आईचा ह.
पन्नाशीत लिहायला शिकली ती,
पंचवटीत, रात्रीच्या वर्गात,
भाकरीच्या हातांनी पाटी धरून.
चौतीस वर्षं झाली तिला जाऊन
आणि निघाली कुठे, तर हिंगात.

मंगळवारी प्लास्टर कापणार आहेत.
यादीत मी आणखी लिहिलं:
हळद. हरभरे. हातरुमाल.

"हातरुमाल कशाला?" पगारेबाईंनी विचारलं.
म्हटलं, असू दे.